गोलसमोरचं गवत

हरलेल्या सामन्यानंतर सलूनमध्ये आधी पंखा बोलतो, मग मास्तर.

सलून मैदानाच्या छोट्या फाटकासमोर आहे. सामना संपला की मी तिथल्या बाकावर बसून बाबांची वाट बघते. माझे बाबा मैदान सांभाळतात. गवत, पाणी, चुन्याच्या रेषा, सगळं त्यांच्याकडे. प्रेक्षक गेले की ते खेळाडूंच्या बुटांनी उखडलेली ढेकळं पायाने दाबत सगळं मैदान फिरतात, आणि तोवर सलूनमध्ये क्लबचं शवविच्छेदन चालतं. त्या रविवारीही तेच चाललं होतं.

"कुंपणच शेत खातंय," मास्तर म्हणाले. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस, पण क्लबच्या कर्जावर बोलायला लागला की नकाशा काढल्यासारखा बोलतो.

"सोप्या भाषेत सांगा," सलूनवाला कात्री हवेत वाजवत म्हणाला. "मालकाने क्लब विकत घेतला ना? मग कर्ज क्लबच्या डोक्यावर कसं?"

"असं बघ. मी तुझं सलून विकत घेतो. पैसे माझ्याकडे नाहीत, म्हणून सावकाराकडून उचलतो. सावकाराला सांगतो, हप्ता हा कात्रीवाला भरेल."

"मी कशाला भरू?"

"कारण सलून आता माझं आहे. तू कमावशील, मी भरीन."

"आणि तुम्ही दिवसभर काय करणार?"

"गॉगल घालून वरच्या खुर्चीत बसणार."

बाकावरचे सगळे हसले. मालकाला गावभर गॉगल म्हणत. संध्याकाळच्या सामन्यालाही तो काळा चष्मा काढत नसे, त्यामुळे त्याला आपला खेळ बघवतो की नाही हे कोणालाच कळलेलं नव्हतं.

"आणि गोल मारणारा आपला नऊ नंबर विकला त्याचं?" फ्यूजने विचारलं. फ्यूज हा इलेक्ट्रिशियन. कुठल्याही वादात पहिला उडणारा, म्हणून ते नाव.

"तो हप्त्यात गेला. म्हणजे असं समज, मी याचा आरसा विकला."

"मग मी दाढी कशात बघून करू?" सलूनवाला म्हणाला.

"तेच तर चाललंय वर्षभर. बिनआरशाची दाढी. गालाला ब्लेड लागलं की म्हणायचं, कोच बदला."

या वेळी कोणी हसलं नाही. घरचा एक शेवटचा सामना उरला होता. जिंकलो तर लीगमध्ये राहणार, नाहीतर खालच्या लीगमध्ये घसरणार, हे सगळ्यांना पाठ होतं. त्यापुढचंही पाठ होतं. खाली गेलो की टीव्हीचे पैसे बंद, चांगले खेळाडू बाहेर, आणि गॉगल म्हणणार, एवढ्याशा क्लबला शहराच्या मध्ये एवढी मोठी जागा कशाला? त्याने हायवेवर नवं मैदान बघून ठेवलं होतं. गेल्या आठवड्यात तिवईवर दुर्बीण लावून दोन माणसं आपल्या मैदानाची पातळी मोजून गेली. कशासाठी, असं फ्यूजने विचारल्यावर ती माणसं म्हणाली, आम्हाला मोजायला सांगितलंय, आम्ही मोजतो.

"अण्णा आले," सलूनवाला म्हणाला आणि सगळे सरकून बसले. बाबांना सगळे अण्णा म्हणतात.

बाबा बसले नाहीत. बुटांची माती दारात झटकत म्हणाले, "लीगचा फोन आला होता. शुक्रवारी निरीक्षक येतोय. गोलसमोरची जागा खेळण्यालायक नसेल तर शेवटचा सामना समोरच्या संघाच्या मैदानावर होईल."

पंख्याचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला.

आपल्या बाजूच्या गोलसमोरचं गवत गेले दोन महिने मरत होतं. आधी पिवळा ठिपका, मग परातीएवढा, मग गोलकीपरच्या पायाखालची सगळी जागा. बाबांना आधी बुरशी वाटली. त्यांनी औषध मारलं, मग गवत कापायच्या यंत्राचं पातं उंच केलं, मग हात टेकले. बाबांनी लहानपणी मला चालायला शिकवलं ते याच गवतावर, असं आई सांगते. तिच्या मते माझ्यापेक्षा गवताला त्यांनी जास्त खाऊ घातलंय. सामना दुसरीकडे गेला तर हे मैदान पुन्हा उघडणार नाही, हे बाबांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. क्लब हायवेवर गेला तर तिथे गवत प्लॅस्टिकचं असणार होतं.

"गॉगलने विष घातलंय," फ्यूज म्हणाला. "नळाचं पाणी तोडून बोअरचं पाणी लावलं, तेव्हापासून गवत मरतंय. सरळ हिशोब आहे."

मास्तर माझ्याकडे वळले. "पोरी, तू पाण्याच्या प्रयोगशाळेत आहेस ना? त्या बोअरचं पाणी तपास. कागदावर आलं की निरीक्षकाच्या हातात देऊ. मग बघू गॉगल चष्मा काढतो की नाही."

मला ते पटलं होतं. पाणी तोडल्यावर गवत मरायला लागलं, याला पुरावा म्हणत नाहीत, पण शंका घ्यायला पुरेसं आहे. सोमवारी मी बोअरच्या पाण्याची बाटली प्रयोगशाळेत नेली. आणि सवय म्हणून मातीही नेली, एक नमुना मेलेल्या जागेतला, एक समोरच्या गोलमधला, एक मधल्या वर्तुळातला.

पाणी चांगलं निघालं. थोडं जड, पण गवताला काही न करणारं.

मग मातीचे नमुने पाण्यात ढवळून, गाळून, पाण्यात किती काय विरघळलंय ते मोजणारा मीटर बुडवला. मधल्या वर्तुळातली माती, काही नाही. समोरच्या गोलमधली, काही नाही. आपल्या गोलमधल्या मातीला मीटर असा वर गेला की मी तो धुऊन पुन्हा लावला. पुन्हा तेवढाच. त्या गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले तेव्हा नळीत दह्यासारखं पांढरं उतरलं, आणि तेव्हा मला कळलं. हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण मी ते दर सामन्याला डोळ्यांनी बघत होते.

मीठ.

कधीतरी, बाबांच्याही आधी, आपल्या एका गोलकीपरच्या पायात गोळे यायचे म्हणून तो पुरचुंडीत मीठ ठेवायचा. एका मोठ्या सामन्यात ती पुरचुंडी गोलमध्ये सांडली आणि त्या दिवशी एकही गोल झाला नाही. तेव्हापासून आपले प्रेक्षक सामन्याआधी गोलमागच्या कठड्यावरून चिमूटभर मीठ आत टाकतात. मध्यंतरानंतर बाजू बदलतात आणि पहिल्या अर्ध्यात त्याच गोलमध्ये आपल्यालाच गोल मारायचा असतो, मग मीठ आपल्यालाच अडवणार नाही का, असं मी शाळेत असताना एकदा विचारलं होतं. "मिठाला आपली माणसं कळतात," असं मास्तरांनी सांगितलं होतं.

एरवी टाकणारी चार म्हातारी माणसं असायची. या वर्षी संघ हरायला लागला तशी टाकणारी वाढली. चिमटीची मूठ झाली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याने सामन्याच्या दिवशी मिठाच्या पुड्या बाहेर टेबलावर मांडायला सुरुवात केली. भीती जितकी वाढत गेली तितकं मीठ वाढत गेलं, आणि मीठ जितकं वाढलं तितकं गवत मेलं, गोलकीपर घसरला, गोल झाले, भीती वाढली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी बाबांना सांगितलं. आई पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं.

"मला माहीत होतं," बाबा म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?"

"मी झाडून काढत होतो दर वेळी. राहिलेलं पाण्याने खाली जायचं. नळाचं पाणी होतं तोवर रात्रभर फवारे चालू ठेवता यायचे. बोअर तासभर चालतं आणि दम टाकतं." त्यांनी पाण्याचा पेला फिरवला. "आणि कोणाला सांगू? आपलेच दात, आपलेच ओठ."

म्हणजे फ्यूज अगदीच चूक नव्हता. नुसत्या मिठाने मैदान मेलं नसतं आणि नुसतं पाणी तोडूनही मेलं नसतं. हे दोन्ही एकत्र आलं तेव्हा मेलं. पण कागदावर लिहायचं तर पाणी स्वच्छ होतं.

मंगळवारी मी सलूनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. नळी, मीटर, तीन जागची माती. फ्यूज लगेच उडाला.

"एवढंसं मीठ काय करणार? आपण रोज खातो ना? आपण मरतो?"

"तुम्ही रोज मूठभर खात नाही, दादा."

"गॉगलने किती दिले तुला?"

"ए," सलूनवाला म्हणाला. एवढंच. पण कात्री थांबली होती.

मास्तर आरशात बघत होते. मग हळूच म्हणाले, "समजा मातीचं काही लिहिलंच नाहीस. फक्त पाण्याचं लिहिलंस. आणि ते थोडं... जड आहे म्हणालीस ना?"

"जड म्हणजे विषारी नाही, मास्तर."

"मी कुठे म्हणालो विषारी? निरीक्षकाला जे समजायचं ते समजेल."

"नाही लिहिणार."

मला वाटलं आता मला बाहेर घालवतील. पण बाबा माझ्यामागे येऊन दारात उभे होते. ते म्हणाले, "गुरुवारी मी गोलसमोरची सगळी माती काढतोय. वीतभर खोल. सराव मैदानाच्या कडेचं चांगलं गवत मुळासकट कापून इथे बसवायचं. हात कमी पडतील, ज्यांना यायचं त्यांनी या. आणि एक करा. यापुढे मीठ टाकू नका. शुक्रवारी नाही, रविवारी तर नाहीच."

बाबा कधी कोणाकडे काही मागत नाहीत. कदाचित म्हणूनच सगळ्यांनी ते ऐकलं. मग मास्तरांनी हात वर केला, "मी टाकणार नाही." सलूनवाल्याने कात्री धरलेला हात वर केला. बाकावरचे एकेक करून सगळे. शेवटी फ्यूजही म्हणाला, "ठीक आहे. पण रविवारी गोल झाला तर या ताईला विचारायचं."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, मीठ बंद.

गुरुवारी अख्खं सलून मैदानावर होतं. फ्यूजने विजेच्या वायरी ओढणाऱ्या हातांनी गवताचे चौकोन वाहिले. मास्तर गुडघे धरत खाली बसून चौकोनांमधले सांधे दाबत होते आणि माझ्याकडून मातीचे थर समजून घेत होते, पुढच्या जन्मी शिकवायला. जुनी माती पोत्यांत भरून बाहेर गेली. दुपारी मी नव्या मातीला मीटर लावला, तो शांत होता. बाबांनी शेवटचा चौकोन बसवून त्यावर उभं राहून बघितलं, मग बूट काढून उभं राहून बघितलं.

"धरेल," ते म्हणाले. "पाणी मिळालं तर धरेल."

मोठ्या फाटकावरचा वॉचमनकाका आतून रबरी नळी ओढत घेऊन आला. बाबा सोडून मैदानावर मालकाच्या पगारावर असलेला हा एकच माणूस उरला होता, आणि त्याचाही पगार थकलेला होता. "अण्णा, ऑफिसच्या टाकीतलं आहे," तो म्हणाला. "मी बघितलं नाही, तुम्ही बघितलं नाही."

मी आणि मास्तर आधी निघालो. बाबा मागे राहिले. सकाळी कोणाला पाणी घालायला यायचं असेल तर येता यावं म्हणून त्यांनी छोट्या फाटकाला कुलूप लावलं नाही, नुसती कडी घातली.

शुक्रवारी सकाळी मी बाबांबरोबरच गेले. लांबून मला ते दव वाटलं. गोलसमोर गवत पांढरं दिसत होतं आणि बाकी मैदान हिरवं. मग बाबा चालायचे थांबले, आणि मला कळलं की दव एवढीच जागा धरत नाही.

नव्या गवतावर मीठ पडलं होतं. पातं दिसू नये इतकं. खरं दवही होतं, त्यात ते अर्धं विरघळून खाली उतरलं होतं. बाबा गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी ते गोळा करायला लागले. मी टोपली शोधायला धावले. टोपली घेऊन वळले तेव्हा फाटकातून लोक आत येत होते आणि त्यांच्या पुढे हातात लोखंडी सळई घेतलेला एक माणूस होता. निरीक्षक वेळेआधी आला होता.

लोक कठड्यापाशी थांबले. मी त्यांचे चेहरे बघितले आणि मला पहिल्यांदा भीती वाटली, कारण सगळे खरोखर हादरले होते.

"गॉगल," फ्यूज म्हणाला. त्याचा आवाज फुटला होता. "रातोरात. बघा, रातोरात केलं."

"एवढं मीठ," मास्तर पुटपुटले. "एवढं कोण टाकेल? हे आपल्या माणसाचं काम नाही."

"फाटकावर कोण होतं रात्री?" मागून कोणीतरी विचारलं.

हा प्रश्न ऐकून गर्दी वळली. वॉचमनकाका मोठ्या फाटकाकडून काय झालं ते बघायला येत होता. फ्यूजने त्याची कॉलर धरली. "किती दिले? बोल, किती दिले त्याने?" काकाची टोपी पडली, आणि दुसऱ्या कोणीतरी ती पायाने बाजूला सारली. काल तो नळी घेऊन आला तेव्हा ही सगळी माणसं तिथेच होती.

निरीक्षक हे सगळं बघत होता. तो सळई जमिनीत खुपसून म्हणाला, "मी स्पष्ट सांगतो. मैदानाचं हे मालकाच्या बाजूने झालं असेल तर सामना पुढे ढकलता येईल, इथेच होईल, दंड त्यांना. प्रेक्षकांनी केलं असेल तर मैदान बंद. नियम आहे, माझ्या हातात नाही." मग त्याने माझ्या खिशातून डोकावणाऱ्या मीटरकडे बघितलं. "तुम्ही प्रयोगशाळेतल्या का? तुम्हाला काय दिसतं?"

मला काय दिसत होतं ते मी तोवर पुरतं बघून ठेवलं होतं. मीठ ढिगात नव्हतं. पोतं ओतल्यावर पडतं तसं नव्हतं. ते गोलच्या जाळीमागून फेकलेलं होतं, पंख्यासारखे पसरलेले छोटे छोटे पट्टे, एकावर एक चढलेले. एक पट्टा पुडीतल्या बारीक मिठाचा. त्याच्यावर जाड खडे. त्याच्या शेजारी बरणीत ओल धरून झालेल्या गाठी, आणि एका गाठीत मिरीचा दाणा अडकलेला. ही पन्नास घरांची मिठं होती. कोणी कोणाबरोबर आलं नव्हतं. सगळ्यांनी सोडलं म्हणून प्रत्येकाला गोल उघडा पडलेला दिसला असणार, आणि प्रत्येकजण एकटा, कडी काढून, हळूच आत आला असणार. म्हणून आता इथे कोणीही खोटं बोलत नव्हतं. प्रत्येकाला आपण काय टाकलं ते माहीत होतं आणि तेवढ्याने असं होत नाही हेही माहीत होतं. म्हणजे बाकीचं गॉगलनेच टाकलं असणार.

मी बाबांकडे बघितलं. माझं एक वाक्य, आणि मैदान वाचत होतं. नुसतं "सांगता येत नाही" म्हटलं असतं तरी चाललं असतं. फ्यूजने काकाची कॉलर अजून सोडलेली नव्हती.

बाबा उठले. त्यांच्या गुडघ्यांना मीठ चिकटलं होतं.

"सोड त्याला," ते म्हणाले. आणि निरीक्षकाला म्हणाले, "आम्ही टाकलंय. मालक नाही, हा काका नाही. आम्ही."

"अण्णा, काय बोलताय," मास्तर म्हणाले.

"पोरीला विचारा."

निरीक्षकाने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली, आणि त्याला पट्टे दाखवले. त्याने खाली वाकून बघितलं, मिरीचा दाणा असलेली गाठ बोटाने उचलली, परत ठेवली. मग सळई पुसली आणि गाडीकडे गेला.

मला वाटलं होतं, लोक आता बाबांवर धावून येतील. ते झालं असतं तर बरं झालं असतं. फ्यूजने काकाची टोपी उचलून त्याच्या हातात दिली आणि आपली बोटं पँटला पुसत राहिला. लोक एकेकटे निघाले. कोणी कोणाच्या जवळून गेलं नाही.

मास्तर माझ्यापाशी आले आणि इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात म्हणाले, "पोरी, माझी एकच मूठ होती. सगळ्यांनी थांबवलं होतं ना, म्हणून. एकाने तरी टाकायला नको? पण बाकीचं कोणी टाकलं असेल गं?"

ते गेल्यावर सलूनवाला आला. तोही तेच म्हणाला, जवळजवळ त्याच शब्दांत. मग फ्यूज. त्याने फक्त एक बोट वर करून दाखवलं, एक, आणि तो गेला.

मैदानात आम्ही दोघं उरलो. बाबा पुन्हा खाली बसून हाताने मीठ ओढत होते. त्याचा आता उपयोग नव्हता. जे विरघळायचं होतं ते विरघळून मुळांशी गेलं होतं, आणि हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

मी टोपली त्यांच्याजवळ ठेवली. "बाबा, तुम्ही 'आम्ही' म्हणालात. ते टाकतात, तुम्ही कधी टाकत नाही. खोटं कशाला बोललात?"

ते थांबले नाहीत. "चिमूटभर," ते म्हणाले. "काल कडी घालायच्या आधी."

मी त्यांच्या हातांकडे बघितलं.

"चिमटीने काही होत नाही," बाबा म्हणाले. "तूच विचार कर. एवढ्या जागेला एक चिमूट."

मी मनात हिशोब केला. त्यांचं बरोबर होतं. चिमटीने काही होत नाही.